नाशिकमध्ये सायकल ट्रॅकच्या मुद्द्यावर नगरसेवक कामाला लागेल का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही इंदिरानगरला राहता आणि सातपूरच्या एमआयडीसीत सायकलने कामाला जाता. जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीआधी तुम्ही काही जणांनी मिळून प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना सायकल ट्रॅकचं निवेदन दिलं. सगळे म्हणाले 'करून टाकू'. निकालानंतर मात्र कुणी फोन उचलत नाही. आता पुढे काय करायचं, आणि सायकल हा नाशिकमध्ये कधी मतांचा विषय होईल का?

माझं उत्तर थोडं उलट वाटेल. सायकल ट्रॅक मागणं तूर्त सोडून द्या. पार्किंगचं विचारा.

तुमच्या निवेदनाला सगळेच 'हो' म्हणाले, यातच गडबड आहे. नाशिकमध्ये सायकलच्या विरोधात कोण बोलणार? नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी 2015 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हा गावभर फ्लेक्स लागले होते. इथून पंढरपूरला सायकल वारी जाते, रविवारी सकाळी त्र्यंबक, अंजनेरी, गंगापूर धरणाकडे सायकलींची रांग लागलेली असते. रॅलीला झेंडा दाखवायला, टी-शर्टवर नाव छापून घ्यायला कुठल्याही पक्षाचा माणूस एका पायावर तयार असतो, कारण त्यात कुणी दुखावत नाही. आणि ज्या गोष्टीत कुणीच दुखावत नाही, त्यावर निवडणुकीत बोलायलाही काही उरत नाही. (तुमच्या निवेदनावर सायकलचं मोठं चित्र होतं म्हणे. निवडणुकीच्या दिवसांत ते टाळलेलं बरं, सायकल हे समाजवादी पक्षाचं चिन्ह, लोकांना त्यांचं पत्रक वाटतं.)

भांडण सुरू होतं ते रस्त्याच्या डाव्या कडेच्या दीड-दोन मीटरवर. तिथे आज दुचाकी, चारचाकी, हातगाडी, भाजीची गाडी, बांधकामाची वाळू असं काही ना काही असतं. सायकलला नेमकी तीच जागा हवी आहे.

स्मार्ट रोडचंच उदाहरण घ्या. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका, लांबी 1.1 किलोमीटर. स्मार्ट सिटी योजनेतला हा नाशिकचा नमुन्याचा रस्ता होता. काम इतकं रेंगाळलं की त्या भागातले दुकानदार आणि वकील मंडळी अजून त्यावर विनोद करतात. फुटपाथबरोबर सायकल ट्रॅकही आखला होता. आता बघा, या एवढ्याशा पट्ट्यावर आहे काय काय: मेहेर सिग्नल, जिल्हा न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, सीबीएस बसस्थानक. रोज सकाळी अकराला जिल्हाभरातून तारखेसाठी, दाखल्यासाठी, सात-बाऱ्याच्या भानगडीसाठी माणसं येतात आणि गाडी लावायला जागा शोधतात. समोर सपाट, सलग, रिकामी पट्टी दिसली की माणूस तिथेच स्टँडवर गाडी चढवणार. त्याला दोष द्यावासा मला वाटत नाही. ज्यांनी ट्रॅक आखताना त्या गाड्या कुठे जाणार याचं उत्तर कागदावर लिहिलं नाही, त्यांना द्यावासा वाटतो. ट्रॅक बांधायला पैसे मिळाले, उद्घाटनाला माणसं मिळाली. गाड्या हलवायला कुणी पुढे आलं नाही, कारण गाडी हलवली की मत हलतं.

भाड्याच्या सायकलींचंही तेच झालं. 2018 च्या सुमारास स्टँड उभे राहिले, लोकांनी हौसेने फोनवर ॲप घेतलं, कॉलेजच्या पोरांनी चक्कर मारली. पण सायकल घेऊन चालवायची कुठे? पुढे ती योजना बंद पडली. यात पक्ष कुठला हा प्रश्न गौण आहे. शेजारच्या पुण्यात तर डिसेंबर 2017 मध्ये महासभेने अख्खा सायकल आराखडा मंजूर केला, आणि तरी तिथल्या ट्रॅकवरून सलग जाऊन दाखवा म्हटलं तर पुणेकर हसतात.

आता नगरसेवकाच्या खुर्चीत बसून बघा. नाशिकमध्ये 122 जागा, 31 प्रभाग. त्यातले 29 प्रभाग चार सदस्यांचे (अ, ब, क, ड अशा चार गटांत एकेक जागा) आणि उरलेले 2 प्रभाग तीन सदस्यांचे. 2011 च्या जनगणनेतल्या 14 लाख 86 हजार लोकसंख्येने भागलं तरी चारच्या प्रभागात सरासरी 48 हजारांच्या वर माणसं येतात, आणि त्यानंतर शहर किती वाढलं ते पाथर्डी फाट्याला उभं राहिलं की कळतं. सकाळी संपर्क कार्यालयात येणारे विषय म्हणजे पाणी कमी दाबाने येतं, गटार तुंबली, घंटागाडी आली नाही, पथदिवा बंद, कुत्री. यातलं प्रत्येक काम एका फोनवर होतं आणि माणूस खूश होऊन जातो. सायकलचा विषय फोनवर सुटत नाही. वर दुकानासमोरची गाडी हलवा म्हटलं की दुकानदार, त्याच्याकडची कामाची पोरं, त्यांच्या घरची माणसं, शिवाय गणेश मंडळाची वर्गणी, सगळं एकदम डोळ्यांपुढे येतं. नगरसेवक शांतपणे म्हणतो, 'हा विषय ड गटातल्या साहेबांकडे आहे.' ड गटातले साहेब म्हणतात, 'अ गटातल्या ताईंना भेटा.' चार जणांच्या प्रभागात जबाबदारी अशी गोल फिरते. तुम्ही मतं चार दिली, पण हात धरायला एकही माणूस नाही.

त्यात अधिकारांचे तुकडे. टोइंगची गाडी वाहतूक पोलिसांची, म्हणजे राज्याच्या गृहखात्याची; तिच्यावर महापौरांचाही हुकूम चालत नाही. अतिक्रमण विभाग मात्र महापालिकेचा. मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्याचे सर्व्हिस रोड राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. स्मार्ट सिटीची कामं वेगळी कंपनी करत होती. आणि सध्या जे खोदकाम चाललंय ते सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी, त्याला 2025 मध्ये वेगळं प्राधिकरण आलं. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं तर सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. या काळात रस्ते झाले, पण कुणाला जाब विचारायचा ही सवय लोकांचीही मोडली.

म्हणजे विषय मतांचा होऊच शकत नाही का? होतो, पण त्याला बोट दाखवता येईल अशी वस्तू लागते. उंटवाडीचा जुना वड आठवा. उड्डाणपुलाच्या आड येतो म्हणून त्याच्यावर गंडांतर आलं, तेव्हा लोक त्याच्या खाली जाऊन उभे राहिले आणि तेव्हाचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांना लक्ष घालावं लागलं. 2025 च्या अखेरीस साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, तपोवनातली झाडं तोडण्यावरून ऐन निवडणुकीच्या तोंडावर सगळ्या पक्षांना भूमिका घ्यावी लागली. झाडापाशी उभं राहून 'हे तोडणार का, हो की नाही' असं विचारता येतं. 'नाशिक सायकलस्नेही व्हावं' या वाक्याला हो-नाही नसतं. 'अमुक चौकापासून तमुक चौकापर्यंत डाव्या कडेला गाडी लागणार नाही, हे मान्य आहे का?' याला असतं. हा प्रश्न विचारून बघा, समोरच्याचा चेहरा लगेच बदलतो. तिथून राजकारण सुरू झालं असं समजा.

एक गोष्ट सायकल क्लबवाल्या मित्रांना आवडणार नाही, तरी लिहितो. हौशी सायकलस्वार पहाटे पाचला निघतो. तेव्हा रस्ता मोकळाच असतो, त्याला ट्रॅकची गरज नाही. महापालिकेत सायकलच्या नावाने बोलवतात मात्र त्यालाच, कारण तो डॉक्टर, इंजिनिअर, उद्योजक असतो आणि इंग्रजीत सादरीकरण करतो. ज्याला खरी गरज आहे तो अंबड-सातपूरच्या पहिल्या पाळीला निघालेला असतो, हँडलला डबा अडकवून. सिडकोत, श्रमिकनगरात, अशोकनगरात राहणारा, बरेचदा खान्देशातून येऊन इथे स्थिरावलेला. तो स्वतःला 'सायक्लिस्ट' म्हणत नाही, कुठल्या बैठकीला येत नाही, आणि पहिली संधी मिळताच हप्त्यावर मोटरसायकल घेणार असतो. शाळेची मुलं तशीच, त्यांना तर मतही नाही. नगरसेवकाला हे सगळे दिसतात, पण सायकलवाले म्हणून दिसत नाहीत. तुम्ही स्वतः सातपूरला कामाला जाता, तेव्हा हा दुवा तुमच्याकडे आहे, क्लबकडे नाही.

आता करायचं काय. तुमचा रस्ता महामार्गाखालचा इंदिरानगर बोगदा, गोविंदनगर, सिटी सेंटर मॉलचा सिग्नल, उंटवाडी, मायको सर्कल आणि पुढे त्र्यंबक रोडने सातपूर असा असावा. सगळा मागू नका. बोगदा तर मुळीच नको. तिथे महामार्गवाले, पोलीस, महापालिका असे तिघे एकमेकांकडे बोट दाखवतील आणि तुमचं वर्ष जाईल. पूर्ण महापालिकेच्या ताब्यातला एकच तुकडा निवडा.

मागणीही बदला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत, आणि रस्त्यावरचे अडथळे काढणं त्यात येतं. सायकल ट्रॅक 'निधी उपलब्धतेनुसार' लोंबकळतो. अडथळा काढण्याच्या अर्जाला ते उत्तर देता येत नाही. अर्ज विभागीय कार्यालयात द्या, पोच घ्या. नाशिकमध्ये सहा विभाग आहेत, तुमचा तुकडा कुठल्या विभागात येतो ते आधी नक्की करा. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज 'वर्ग केला' या शेऱ्यानिशी महिनाभर फिरतो. ट्रॅक, पट्टे, चेंबरची झाकणं समपातळीला आणणं असं खर्चाचं काही हवं असेल तर ते डिसेंबर-जानेवारीतच मागायला लागा. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला मांडतात, तिथे सोळा सदस्य आपापली कामं घुसवतात, मग ते महासभेत जातं. एप्रिलनंतर गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू'.

दुकानदारांशी बोलणं टाळू नका. 'गिऱ्हाईक कुठे गाडी लावणार?' हे त्यांचं पहिलं वाक्य असतं आणि ते खोटं नाही. पण एक दिवस समोर उभं राहून बघा: दुकानापुढे सकाळी सगळ्यात आधी लागणारी आणि रात्री सगळ्यात शेवटी हलणारी गाडी बहुतेक वेळा दुकानाच्याच माणसांची असते. गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबतं. दिवसभराच्या त्या गाड्यांना जवळचा मोकळा प्लॉट, मंगल कार्यालयाची जागा, मागची गल्ली असं काही सुचवता आलं तर निम्मा विरोध तिथेच मावळतो. बेसमेंटमधलं पार्किंग गोडाऊन झालंय, हा विषय काढायचा असेल तर मात्र विचार करून काढा. कारण तो खरा असतो आणि त्यात कुणाचे हितसंबंध निघतील सांगता येत नाही.

आणि सुरुवात सकाळच्या वेळेपासून करा. पहिल्या आणि जनरल पाळीची माणसं जातात तेव्हा बहुतेक दुकानांची शटर खालीच असतात. त्या वेळी आडवं येतं ते रात्रीपासून उभ्या असलेल्या गाड्या, ट्रॅव्हल्सच्या बस, बिल्डिंगबाहेर लावलेल्या मोटारी. इथे गिऱ्हाइकाचा मुद्दा कुणाला काढता येत नाही, व्यापारी गप्प राहतात आणि नगरसेवकाला फुकटात काम केल्याचं समाधान मिळतं. तेवढी कडा सकाळी मोकळी राहू लागली की संध्याकाळचं भांडण करायला तुमच्यामागे माणसं असतील. रंग मारलेला ट्रॅक त्यानंतर आला काय आणि नाही आला काय, मला फारसा फरक वाटत नाही.

अर्जावर कंपनीतल्या सायकलवाल्यांच्या सह्या घ्याच. प्रत्येक सहीपुढे प्रभाग क्रमांक आणि मतदार यादीचा भाग क्रमांक लिहून घ्या. जे गावाकडे मतदान करतात त्यांना इथे नाव नोंदवायला सांगा, पुढच्या निवडणुकीला वेळ भरपूर आहे. नुसत्या सह्यांचा कागद नगरसेवक भाऊंचा पीए फाइलला लावतो; यादी भाग लिहिलेला कागद भाऊ स्वतः चष्मा लावून वाचतात.