चिलीची द्राक्षं आणि आपला निफाड

प्रश्न : नाशिकच्या मॉलमध्ये चिलीची द्राक्षं दिसली. तिथलं हवामान आपल्यासारखंच आहे का? – एक बागायतदार, निफाड

उत्तर : नाही दादा, उलटंच आहे. चिलीचा मधला भाग म्हणजे पूर्वेला अँडीज पर्वत, पश्चिमेला किनाऱ्याची डोंगररांग आणि मधे सुपीक खोरं, देशातली बहुतेक माणसंही तिथंच राहतात. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा एकदम कोरडा, म्हणजे घड पिकताना अवकाळीचं टेन्शन आपल्यापेक्षा कितीतरी कमी (हेवा वाटतो खरं!). उन्हाळ्यात अँडीजचा बर्फ वितळून नद्यांना पाणी येतं, तेच पाटाने बागेत. पण २०१० पासून तिथं दुष्काळानं ठाण मांडलंय, त्यामुळे पाण्यावरून भांडणं आहेतच.

माणसं? घोडेस्वार ‘वासो’ हा तिथला मानबिंदू, रुंद टोपी, रंगीत पोंचो (डोक्यातून घालायची घोंगडी), आणि रोडिओ, म्हणजे घोड्यावरून गुरं अडवायचा खेळ, तर १९६२ पासून राष्ट्रीय खेळ. हे सगळं दिसायला भारी, पण त्यामागे मोठ्या जमीनदारांच्या हासिएंदा, म्हणजे अवाढव्य शेतजमिनी, आणि त्यांच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणारी कुळं होती, १९६७ च्या कायद्याने जमीन वाटपाला जोर आला, १९७३ च्या लष्करी बंडानंतर बरीचशी चाकं उलटी फिरली. आज तिथं निर्यातीच्या बागा आणि हंगामी मजूर, त्यात बायका खूप.