घडी, नळी, चकती आणि क्रिस्टा

नाशिकरोडच्या एका विज्ञानाच्या बाईंचा प्रश्न: तंतुकणिकेचं (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) आतलं आवरण पाठ्यपुस्तकात 'घड्यांचे' असतं, क्लासच्या नोट्समध्ये 'क्रिस्टी'. मुलांनी लिहायचं काय?

बाई, शाळेपुरतं 'घड्या' चालेल. अडचण पुढे येते. घडी म्हटलं की कपाटातली साडी दिसते, सपाट, थरावर थर. आपल्या बहुतेक पेशींत आवरण साधारण तसंच आत वळलेलं असतं. पण पॅरामिशियम या एकपेशीय जीवात त्याच्या नळ्या होतात आणि युग्लीना या दुसऱ्या एकपेशीय जीवात बारीक दांड्याच्या चकत्या, टेबल टेनिसच्या बॅटीसारख्या.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. निफाडच्या द्राक्षबागेत भुरी आणि डाऊनी दोन्हींना सर्रास 'बुरशी' म्हणतात. भुरी खरी बुरशी, तिच्या तंतुकणिकांत सपाट घड्या. डाऊनी म्हणजे केवडा मात्र ऊमायसीट, तपकिरी शैवालांच्या गोतातला, त्याच्यात नळ्या. (भुरीवर चालणाऱ्या गंधकाला केवडा जुमानत नाही, हे बागायतदाराला केव्हाचं ठाऊक आहे. त्याचं कारण या नळ्या नव्हेत, पण दोघांची घराणी वेगळी एवढं खरं.) आता 'नळीसारखी घडी' म्हणून पाहा, जीभ अडते.

मला 'निरी'चा मोह झाला होता, येवला जवळ असल्याचा परिणाम! निऱ्या कमरेशी आवळलेल्या असतात, आणि या वळणांची तोंडंही अरुंदच असतात. पण निरीसुद्धा कापडाचीच. तिची चकती कशी होणार?

मूळ लॅटिन 'क्रिस्टा' म्हणजे तुरा, कोंबड्याच्या डोक्यावर असतो तो. पेशीशास्त्रज्ञ जॉर्ज पॅलेड यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहून हे नाव दिलं. त्याच सुमारास दुसरे संशोधक स्योस्ट्रांड यांना तिथे तुरे नव्हे, पडदे दिसले होते. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांचंही एकमत नव्हतं. तुऱ्याचा आकार कुणी मनावर घेत नाही, म्हणूनच तो शब्द सगळ्या आकारांना पुरतो.

माझं मत: 'क्रिस्टा' घ्यावा, स्त्रीलिंगी, शाखेसारखा. ती क्रिस्टा, त्या क्रिस्टा. आकार सांगायचा तर घडीदार, नळीदार, चकतीदार. 'क्रिस्टी' हे लॅटिन अनेकवचन आहे, त्यामुळे 'क्रिस्टीज' नकोच.

उत्तरपत्रिकेत 'घड्या' आलं तर गुण कापू नका. युग्लीनाच्या आकृतीखाली आलं, तर लाल पेन उचला.