आतल्या गिअरची सायकल घेताय? आधी दुकानदाराला मागचं चाक काढायला सांगा

मागच्या वेळी मी एका ओळीत लिहून गेलो की बडोद्यात रोज कामावर सायकलनं जायचं असेल तर आतल्या गिअरची घ्या, म्हणजे जिचे गिअर मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्याच्या, पोटात असतात, बाहेर ना लोंबणारा डिरेलर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर ढकलणारा) ना दात्यांची उतरंड. झालं, प्रश्नांचा पूर आला. (पूर हा शब्द बडोदेकरानं जपून वापरावा, पण आलाच.) जमतील तेवढे घेतोय.

प्रश्न : गोत्रीहून मकरपुरा जीआयडीसीला रोज जातो. ३ गिअरची घेऊ की ८ ची? दुकानदार म्हणतो जितके गिअर जास्त तितकी सायकल पळते.

दादा, सायकल तुमचे पाय पळवतात, गिअर नाही. हबमध्ये मध्यभागी एक सूर्य-गिअर, त्याच्याभोवती फिरणारे छोटे ग्रह-गिअर आणि बाहेर दातेरी कडं असतं, पायडलची ताकद यातल्या कुठून कुठे न्यायची एवढाच सगळा खेळ. शिमानो कंपनीच्या तीन गिअरच्या नेक्सस ३ हबमध्ये मधला गिअर सरळ असतो, म्हणजे स्प्रॉकेट (हबवरचं चेनचं दातेरी चाक) एकदा फिरलं की चाकही एकदा, पहिल्यात चाक ०.७३ वेळा फिरतं आणि तिसऱ्यात १.३६ वेळा. आठ गिअरच्या नेक्सस ८ मध्ये हाच पसारा ०.५३ पासून १.६१ पर्यंत जातो. आता तुम्हीच सांगा, गोत्री ते मकरपुरा तुम्हाला चढ कुठे लागतो? आपल्या गावात चढ म्हणजे फ्लायओव्हर आणि रेल्वेवरचे पूल, बाकी पोळपाटावर लाटल्यासारखी सपाट जमीन.

हिशोबच करू. पुढे ३८ दाते, मागे १८ आणि ७०० बाय ३५ चे टायर असले आणि पायडल मिनिटाला ६० वेळा मारलं, तर मधल्या गिअरमध्ये ताशी साडेसोळा किलोमीटर, पहिल्यात बारा, तिसऱ्यात साडेबावीस. ऑफिसचा डबा, लॅपटॉप आणि मे महिन्यातलं ऊन एवढं सगळं घेऊन बावीसच्या वर कोण जातंय? मी तर उलटं सांगेन, मागे १८ च्या जागी २० दात्यांचं स्प्रॉकेट टाकून घ्या, ते एका गोल क्लिपनं बसलेलं असतं, मिस्त्रीला दहा मिनिटांचं काम. मधला गिअर पंधराच्या आसपास येतो आणि दिवसभर त्याच सरळ गिअरमध्ये राहता, जिथं आतल्या दात्यांमध्ये ताकद वायाच जात नाही. पहिला फक्त पुलासाठी आणि सिग्नलवरून निघायला.

आणि सिग्नलचं म्हणाल तर खरी मजा तिथंच आहे. बाहेरच्या गिअरमध्ये अचानक गाय आडवी आली, तुम्ही जड गिअरमध्येच थांबलात, की निघताना गुडघे बोंबलतात. यात उभ्या उभ्या गिअर पाडता येतो, फक्त चालू सायकलवर बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडायचा, दाबून धरलात तर आत खटकतं.

७ किंवा ८ कुणी घ्यावा? मागे मूल बसवून नेणाऱ्यानं, गुडघ्याचं दुखणं असणाऱ्यानं, आणि ज्याला रविवारी पावागडच्या डोंगरावर माचीपर्यंत चढवायची हौस आहे त्यानं. पैकी तिसऱ्यानं माझ्या मते दुसरी सायकलच घ्यावी.

प्रश्न : मी साडी नेसून शाळेत शिकवायला जाते. चेनमध्ये पदर अडकायची भीती वाटते.

ताई, तुमच्यासाठीच ही सायकल आहे असं समजा. चेन एकाच रेषेत सरळ चालते, आडवी सरकत नाही, त्यामुळे पूर्ण बंद चेनकव्हर बसवता येतं. फक्त अर्धं कव्हर दाखवून 'चालेल हो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका, आणि मागच्या चाकाला जाळीचा ड्रेसगार्डही लावून घ्या, पदर तिथंही जातो. बंद कव्हरमध्ये धूळ कमी, चेन जास्त टिकते. अजून एक फायदा फक्त आपल्या गावाचा, उत्तरायणानंतर (म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर) आठवडाभर रस्त्यावर पडलेला मांजा डिरेलरच्या छोट्या चाकांत असा गुंडाळतो की ब्लेडनं कापत बसावं लागतं, इथं ती चाकंच नाहीत. तरी हबच्या दोन्ही टोकांना एकदा बघून घ्या, दोरा तिथं शिरला तर सील कापतो. आणि त्या दिवसांत गळ्याला जाड ओढणी गुंडाळूनच निघा, हे सायकलपेक्षा महत्त्वाचं.

प्रश्न : सगळं ठीक, पण पंक्चर झालं तर? आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हे हब बघूनच हात वर करेल.

करू दे वर, तुम्ही खाली आणा. साधं पंक्चर काढताना तो चाक काढतो कुठे? टायरची एक बाजू सोडवतो, ट्यूब बाहेर ओढतो, पाण्याच्या टबात बुडवतो, ठिगळ लावतो, परत आत. चाक जागेवरच. हब आतल्या गिअरचं असो नाही तर बैलगाडीचं, त्याला फरक पडत नाही.

फरक पडतो तो टायर किंवा ट्यूब अख्खी बदलायची असते तेव्हा, आणि म्हणून माझा नियम आहे की सायकल घ्यायच्या आधी दुकानातच म्हणायचं, 'मागचं चाक काढून परत बसवून दाखवा.' जो दाखवेल त्याच्याकडून घ्या. १५ नंबरचा पाना, गिअरची केबल सोडवायची युक्ती, आणि अ‍ॅक्सलवरचे दोन वॉशर, चाकाच्या त्या कण्याला फिरण्यापासून अडवणारे. हे वॉशर डावा-उजवा वेगळे असतात, रंगही वेगळे, आणि ते फ्रेमच्या खाचेत नीट बसले नाहीत तर अ‍ॅक्सल फिरतो आणि गिअर भलतेच लागतात. मी स्वतः पहिल्या वर्षी ते उलटे लावले आणि आपल्या लालबागच्या पुलावर मधोमध गिअर सुटून पायडल हवेत फिरलं, मागून रिक्षावाल्यानं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. तर चाक काढायच्या आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा, बास.

बसवताना चेन मधोमध वर-खाली साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे, ताठ नको, लोंबती नको. यासाठी फ्रेमची मागची खाच आडवी लागते, चाक मागे-पुढे सरकवता येईल अशी. खाच उभी असेल तर चेन ताणायची दुसरी काही सोय दिलेली आहे का ते विचारा, नसेल तर ती सायकल तिथंच सोडा.

मग केबल. नवी केबल पहिल्या काही आठवड्यांत सैल पडते आणि लोक म्हणतात हब बिघडलं. नेक्सस ७ किंवा ८ असेल तर ४ नंबरवर टाका, हबजवळ दोन पिवळ्या रेघा दिसतात, त्या समोरासमोर येईपर्यंत केबलचा स्क्रू फिरवा. ३ वाल्याला २ नंबरवर टाकून बाजूच्या छोट्या खिडकीतली खूण जुळवायची.

प्रश्न : मुलगा नेदरलँड्समध्ये असतो, तिथली ७ गिअरची सायकल सामानातून पाठवतोय. २८ इंची आहे म्हणतो, मग आपल्याकडचे टायर लागतीलच ना?

काका, इथंच घात होतो. आपल्या काळ्या सायकलचा २८ बाय दीड टायर रिमवर ६३५ मिलिमीटरला बसतो, तिकडच्या नव्या सायकलींचा '२८ इंची' बहुतेक ६२२ चा असतो, ज्याला दुकानात ७०० सी म्हणतात. दोन्ही २८, पण एकाचा टायर दुसऱ्याला लागत नाही. मुलाला टायरच्या कडेला छापलेला आकडा वाचायला सांगा, ३७-६२२ असं काही असेल तर निश्चिंत राहा, हायब्रिड सायकलींमुळे ७०० सी आता इकडे मिळतात.

दुसरं, तिला पायब्रेक आहे का विचारा, म्हणजे पायडल उलटं मारलं की ब्रेक लागतो तो. वाईट नाही, पावसात तर छानच. पण सिग्नलला थांबल्यावर पायडल मागे फिरवून वर आणायची आपली सवय आहे ना, ते जमत नाही. आणि हबपासून फ्रेमला जोडलेली एक लोखंडी पट्टी असते, ती चाक काढल्यावर परत घट्ट बसवलीच पाहिजे, नाहीतर ब्रेक म्हणून काही उरत नाही. पुढे हँडब्रेक नसेल तर लावूनच घ्या.

प्रश्न : ऑगस्ट २०२४ सारखं विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी पार्किंगमध्ये आलं तर?

पावसात चालवायला हरकत नाही, हब बुडवायला आहे. बुडलंच तर 'चालतंय की' म्हणून फिरवू नका, आतलं युनिट बाहेर काढून साफ करून ठरलेल्या तेलात बुडवून काढावं लागतं. एरवीही हे दोन वर्षांनी करायचं असतं, रोज बरीच चालवत असाल तर ५ हजार किलोमीटरला. गंज सोडवायचा पातळ स्प्रे हबमध्ये मारू नका, आतलं ग्रीस धुऊन निघतं. सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरनं धुणाऱ्या पोऱ्यालाही लांब ठेवा.

प्रश्न : चेनऐवजी बेल्टवाली घेऊ का? तेलच नको म्हणे.

छान असते, पण चेनसारखी तोडता-जोडता येत नाही, आणि तुटली तर रावपुऱ्याच्या बाजारात मिळणार नाही. चेन कुठेही मिळते. चेनच घ्या.

प्रश्न : आजोबांची जुनी रॅले सायकल घरात आहे, तिच्यातच नवीन हब बसवलं तर तयार सायकलचे पैसे वाचतील?

वाचणार नाहीत. जुन्या मागच्या रिमला ४० तारा (स्पोक) असतात, आजचे हे हब बहुतेक ३६ चे, म्हणजे रिम नवी, तारा नव्या, वर चाक बांधून देणारा मिस्त्री शोधा, आणि फ्रेमची मागची रुंदीही कमी पडते. पण थांबा, तिच्या मागच्या हबवर स्टर्मी-आर्चर असं कोरलंय का बघा. नॉटिंगहॅमची ती कंपनी १९०२ पासून तीन गिअरचे हब बनवत होती, आणि तिच्या एडब्ल्यू नावाच्या हबवर बनवल्याचं वर्ष दोन आकड्यांत ठोकलेलं असतं. तसं असेल तर तुमच्या घरात आतल्या गिअरची सायकल आधीपासूनच आहे, तेलाच्या छोट्या झाकणातून थोडं पातळ मशीन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी चाक फिरवून बघा. आकडे कोणते निघाले ते मला कळवा.