आलिम कोर्सच्या मुलांसाठी इंग्रजीचं कोणतं पुस्तक घ्यावं?

आलिमचं, म्हणजे इस्लामी धर्मपंडिताचं, शिक्षण घेणाऱ्या विशीतल्या मुलांना इंग्रजी शिकवायचंय, बाजारातलं कोणतं पुस्तक घेऊ, असं तुम्ही विचारलंय. मिरजेत मी अशाच मुलांचे संध्याकाळचे तास घेतो. कोणतंच घेऊ नका, धडे स्वतः लिहा.

पहिल्या वर्षी मी एक तयार पुस्तक आणलं होतं. विमानतळावरचे संवाद, वाढदिवसाची पार्टी वगैरे. पोरांनी दोन दिवसांत पानंच्या पानं पाठ करून दाखवली, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की गप्प. हिफ्ज केलेल्या, म्हणजे अख्खं कुराण तोंडपाठ केलेल्या मुलाला पाठांतर म्हणजे काहीच नाही. चूक पुस्तकाची आणि ते निवडणाऱ्या माझी. ही मुलं नहव आणि सर्फ, म्हणजे अरबीची वाक्यरचना आणि शब्दांची रूपं, वर्षानुवर्षं शिकतात. कर्ता-कर्म त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि आपण त्यांना बिगरीत बसवतो.

मग एकदा त्यांच्याच नहवमधलं वाक्य फळ्यावर लिहिलं: 'जरबा जैदुन अम्रन', जैदने अम्रला मारलं. अरबीत नावं पुढंमागं केली तरी शेवटच्या 'उन'-'अन'वरून, म्हणजे एराबवरून, मारणारा कळतो. मराठीत 'ने' आणि 'ला' तेच काम करतात. इंग्रजीत नावाला असं काही चिकटत नाही, जागा बदलली की मार खाणारा बदलतो. भिंतीशी बसलेला एकजण एकदम म्हणाला, "म्हणजे सर, इंग्रजीचा एराब जागेत आहे!" जे मी महिनाभर समजावत होतो ते त्यानं एका वाक्यात सांगितलं.

उच्चारांचंही तसंच. 'थिंक'मधला 'थ' आपण मराठी 'थ'सारखा म्हणतो. तजवीद, म्हणजे कुराणपठणाचे अचूक उच्चार, शिकलेला मुलगा जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लावून अरबी 'सा' म्हणतो, तोच हा उच्चार. फक्त दाखवून द्यायचं.

'इफ'च्या वाक्यांसाठी इस्लामी वारसाहक्काचे मसले, म्हणजे प्रश्न, घ्या. मयताला मुलं असतील तर बायकोला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. उत्तर त्यांना येतंच, त्यामुळं सगळं लक्ष वाक्यावर राहतं.

मात्र सगळे धडे दीनी, म्हणजे धर्माच्या, विषयांचेच करू नका. मुलांना आधी विचारा, इंग्रजी कुठं अडतं. माझ्याकडं पहिलं उत्तर आलं दवाखान्याचे कागद. मिरज १८९४ च्या मिशन हॉस्पिटलपासून दवाखान्यांचं गाव, घरातलं कुणी ना कुणी ॲडमिट असतंच, आणि डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. म्हणून आमचा तिसरा धडा म्हणजे नाव खोडलेलं एक खरं कार्ड: गोळी किती वेळा, जेवणाआधी की नंतर, पुन्हा कधी दाखवायचं. पुढच्या आठवड्यात एक मुलगा स्वतःच्या अम्मीचं कार्ड घेऊन आला आणि अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचलं.

धडे लिहायला घेण्याआधी मौलानांची परवानगी घेऊन आठवडाभर त्यांच्या नहवच्या तासाला मागं बसा. वही सोबत न्या.