‘नस चढली’ म्हणावे की ‘स्नायू आखडला’?

नागपुरात परिचर्येच्या अभ्यासक्रमाला नुकताच प्रवेश घेतलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की ‘स्नायू’ या शब्दाचा नेमका अर्थ कोणता धरावा. शरीररचनेच्या पहिल्याच धड्याच्या मराठी टिपणात स्नायू म्हणजे मसल असे आहे. वसतिगृहातल्या छिंदवाड्याच्या हिंदीभाषक मैत्रिणीच्या लेखी स्नायू म्हणजे नर्व्ह. आणि आयुर्वेद शिकणारा मामेभाऊ म्हणतो की दोघीही चुकताहेत, स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध. त्यातच घरी आजी ‘पायाची नस चढली’ म्हणाली की सगळे तिला दुरुस्त करतात, ते योग्य आहे का, असाही प्रश्न आहे.

आजच्या प्रमाण मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावून हाडे हलवणारा, हृदयाचे ठोके चालवणारा, अन्न पुढे ढकलणारा मांसल अवयव, आणि परीक्षेत तोच अर्थ लिहावा. मराठीत स्नायू म्हणजे नर्व्ह नव्हे. हे इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे की ‘मेंदूचे स्नायू बळकट करणारे’ तेल, ‘स्नायूंच्या कमजोरीमुळे हातापायांना येणाऱ्या मुंग्या’ अशा जाहिराती या शहरात वर्षानुवर्षे वाचाव्या लागत आहेत. मेंदूत स्नायू नसतात. मुंग्या येतात त्या संवेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंवर दाब पडल्यामुळे किंवा त्यांना इजा झाल्यामुळे. मूळ हिंदी मजकुरातला नर्व्ह या अर्थाचा ‘स्नायु’ जसाच्या तसा उचलून त्याला फक्त मराठी विभक्ती लावल्याने हा घोटाळा होतो. १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी आणि मराठी मुलुखांच्या एकत्र प्रांताची राजधानी होती, तेव्हा दोन्ही भाषांची सरमिसळ येथे स्वाभाविकच आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या शब्दावर रुग्णाचे उपचार अवलंबून असतात तो तरी तपासून घ्यावा.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते स्वतःच्या मनगटावर पाहावे. अंगठा आणि करंगळी यांची टोके जुळवून मनगट किंचित आत वाकवले की मधोमध एक ताठ दोरी वर येते. ती आहे कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी किंवा पुढच्या पट्ट्याशी जोडणारा चिवट पांढरा दोर; काही लोकांच्या हातात ही विशिष्ट कंडरा जन्मतःच नसते आणि त्याने त्यांचे काहीही अडत नाही. त्वचेखाली निळसर दिसते ती शीर, जी रक्त हृदयाकडे परत नेते. अंगठ्याच्या बाजूला बोट ठेवल्यावर उडताना लागते ती धमनी. आणि मधल्या त्या दोरीच्या आड, डोळ्यांना न दिसणारी, तळहाताच्या मोठ्या भागाला संवेदना देणारी चेता, म्हणजे नर्व्ह, असते. बोटे मिटणारे मोठे स्नायू मनगटात नाहीतच; ते कोपराखाली, हाताच्या गुबगुबीत भागात असतात आणि त्यांच्या नऊ कंडरा त्या एका चेतेसोबत मनगटाच्या अरुंद बोगद्यातून तळहातात उतरतात. येथे काच लागून केवळ कंडरा तुटली, तर बोट मिटणार नाही, पण स्पर्श कळेल. चेता तुटली, तर स्पर्श जाईल आणि तिच्या ताब्यातले अंगठ्याच्या उंचवट्यातले स्नायू लुळे पडून हळूहळू झिजतील. बोलताना मात्र आपण या चारही वस्तूंना बिनदिक्कत ‘नस’ म्हणतो.

आता मामेभावाविषयी. जुन्या अर्थाच्या बाबतीत त्याचे म्हणणे खरे आहे. प्राचीन वैद्य सुश्रुताच्या शारीरस्थानात, म्हणजे त्याच्या ग्रंथातल्या शरीररचनेच्या भागात, पेशी पाचशे आणि स्नायू नऊशे अशी गणना आहे. त्यातल्या पेशी म्हणजे आजचे स्नायू. हाडे, सांधे आणि शिरा त्यांनी झाकल्या गेल्यामुळे बळकट होतात, असे सुश्रुत म्हणतो. त्याचे स्नायू म्हणजे मुख्यतः बंध आणि कंडरा. त्यांचे त्याने चार प्रकार केले असून वाटोळ्या स्नायूंना कंडरा म्हणतात असे स्पष्ट सांगितले आहे, आणि चपटे स्नायू बरगड्या, छाती, पाठ व डोके येथे असतात असेही. फळ्या जोडून केलेली नाव पुष्कळ बंधनांनी नीट बांधली तरच माणसांसह पाण्यावर भार सोसते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार सोसतो, हा त्याचा दृष्टान्त शरीररचनेच्या पहिल्या तासाला वाचून दाखवावा इतका नेमका आहे. हाड किंवा शीर दुखावल्याने होत नाही इतके नुकसान स्नायू दुखावल्याने होते, हे तो लगेच पुढे सांगतो. गुडघ्याचा बंध तुटलेल्या कोणत्याही कबड्डीपटूला हे पटवून द्यावे लागणार नाही.

शब्द मात्र सुश्रुताहून पुष्कळ जुना आहे. अथर्ववेदातल्या रोग घालवण्याच्या एका मंत्रात हाडे, मज्जा, ‘स्नावन्’ आणि धमन्या यांतून रोग उपटून काढतो असे म्हटले आहे. हा ‘स्नावन्’ आणि आपला ‘स्नायू’ एकाच कुळातले. पारंपरिक व्युत्पत्तिकार स्नायू शब्द ‘स्ना’ म्हणजे न्हाणे या धातूवरून साधतात; ही व्युत्पत्ती मला मुळीच मान्य नाही. शरीरातल्या दोराचा आणि आंघोळीचा संबंध जोडायला जी ओढाताण करावी लागते, तीच ती व्युत्पत्ती कृत्रिम असल्याचा पुरावा आहे. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात ‘स्नावर’ आहे, ग्रीकमध्ये ‘न्यूरॉन’ आहे, लॅटिनमध्ये ‘नेर्वुस’ आहे, आणि या सर्वांचा मूळ अर्थ एकच, चिवट दोर. भाषाशास्त्रज्ञ त्यांच्यामागे सूत कातणे, शिवणे या अर्थाचा धातू मानतात. होमरच्या काव्यात न्यूरॉन म्हणजे धनुष्याची दोरी, आणि संस्कृतातही प्राण्यांच्या स्नायूंची प्रत्यंचा करीत.

मग ग्रीकांच्या दोराची नर्व्ह कशी झाली? अ‍ॅरिस्टॉटलपर्यंत न्यूरॉन म्हणजे कंडराच होती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हीरोफिलस आणि एरासिस्ट्रॅटस या ग्रीक वैद्यांनी मृतदेहांचे विच्छेदन करून दाखवले की यांतले काही पांढरे दोर मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या रज्जूशी जोडलेले असून संवेदना आणि हालचाल त्यांच्यावर अवलंबून आहे. वस्तू नवी कळली, नाव जुनेच राहिले. जुन्या अर्थाचा अवशेष वैद्यकात आजही सापडतो. तळहाताच्या त्वचेखालच्या चिवट पांढऱ्या पडद्याला ‘अपोन्यूरोसिस’ म्हणतात. त्या नावातल्या न्यूरॉनचा नर्व्हशी काडीचाही संबंध नाही, तो निव्वळ सपाट पसरलेल्या कंडरेचा पडदा आहे. प्रथम वर्षाच्या मुलांना हे कोणी सांगत नाही आणि ती वर्षभर त्या पडद्यात नर्व्ह शोधत बसतात.

ज्या शब्दाला आपण अशिक्षित ठरवले आहे, तो ‘नस’ मला याच घराण्यातला वाटतो. अमरकोशात स्नायूला ‘वस्नसा’ हा पर्याय दिला आहे, संस्कृत कोशांत त्याच अर्थाने ‘स्नसा’ही नोंदलेला आहे, आणि प्राकृतात ‘णसा’ मिळतो. तेथून नस फक्त एका पावलावर आहे. काही जण हकिमांच्या ‘अर्कुन्निसा’ (कमरेतून पायात उतरणारी कळ, सायटिका) या नावातल्या अरबी शब्दाकडे बोट दाखवून नस परकी ठरवतात, घरच्या प्राकृतात शब्द समोर असताना इतक्या दूर जाण्याचे कारण मला दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे. ‘स्नान’चे ‘न्हाण’ झाले, तर ‘स्नसा’चे ‘न्हस’ का झाले नाही? त्याला उत्तर असे की ‘स्नेह’चे प्राकृतात ‘णेह’ आणि पुढे ‘नेह’ झालेच आहे. सुरुवातीच्या जोडाक्षरातला ‘स’ प्रत्येक वेळी हकार मागे ठेवून जातो असा नियम नाही.

हे मान्य केले की ‘नस चढली’ या प्रयोगाकडे बघण्याची दृष्टीच बदलते. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू आवळून दगडासारखा होतो आणि टाचेकडे जाणारी दोरी ताणून वर खेचल्यासारखी वाटते. आजी ज्याला नस म्हणते ती ही दोरी आहे. दुरुस्ती करणारे ‘नस म्हणजे रक्तवाहिनी, ती चढत नाही’ असे म्हणतात तेव्हा ते नसेचा नवा अर्थ धरून जुन्या अर्थाला चूक ठरवतात. टाचेवरच्या त्याच जाड कंडरेला मराठीत ‘घोडशीर’ म्हणतात, आणि तिच्यातूनही रक्तप्रवाह चालत नाही. माझे मत असे आहे की लोकभाषा शरीराच्या आतल्या वस्तूंना त्यांच्या आकारावरून नावे देते, कार्यावरून नव्हे. हाताला लागणारे जे जे लांब, ताठ आणि दोरीसारखे, ते ते नस किंवा शीर. कार्य विच्छेदनानंतर कळते, आणि तोवर नावे रुळलेली असतात.

मराठीत स्नायूचा अर्थ बंधावरून मांसाकडे कसा सरकला, याचे एक उत्तर हल्ली फार आत्मविश्वासाने दिले जाते. मराठीने ‘पेशी’ हा शब्द सेलसाठी वापरला, म्हणून मसलसाठी शब्द उरला नाही आणि स्नायू त्या जागी आला, असे ते उत्तर. ते ऐकायला सुबक आहे, पण गुजरातीसमोर टिकत नाही. गुजरातीत सेलला ‘कोष’ म्हणतात, पेशी हा शब्द सेलसाठी वापरलेला नाही, आणि तरीही मसल म्हणजे ‘स्नायु’च. बंगालीत उलट स्नायु म्हणजे नर्व्ह. कलकत्त्यात १८३६ मध्ये शवविच्छेदन करणारे मधुसूदन गुप्त हे मुळात संस्कृत आणि आयुर्वेदाचे पंडित होते. अशा विद्वानांच्या हातून पाश्चात्त्य शरीरशास्त्र तेथे देशी भाषांत येऊ लागले, आणि नेर्वुसचा मूळ अर्थ दोर आहे हे जाणून कोणी तरी स्नायू त्याच्यासमोर ठेवला असावा, असे माझे अनुमान आहे. पश्चिम भारतात शब्द पंडितांकडून न येता तालमीतून आला असावा. पैलवानाच्या दंडावर दोर आणि मांस एकत्रच उठून दिसतात, तेथे दोघांना एकच नाव पडणे साहजिक आहे. अमरकोशाच्या कर्त्या अमरसिंहाने आवर्जून स्त्रीलिंगी म्हणून नोंदलेला हा शब्द मराठीत पुल्लिंगी झाला, त्याचेही कारण मला तेथेच दिसते.

राहता राहिली नर्व्ह. तिला ‘मज्जातंतू’ म्हणण्याची रूढी आहे, पण मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ गर, जेथे रक्तपेशी तयार होतात. अथर्ववेदातल्या त्या मंत्रातही मज्जा हाडांच्या लगतच आहे. कण्याच्या पोकळीतल्या रज्जूला युरोपीयांनी एके काळी कण्याची मज्जा समजून नाव दिले आणि आपण ते भाषांतरासह उचलले. त्याऐवजी ‘चेता’ हा सुटसुटीत शब्द पाठ्यपुस्तकांत आलेला आहे, तो वापरावा. रुग्णाच्या नोंदीत पायाला गोळा आला असेल तर ‘पोटरीचा स्नायू आखडला’ आणि मुंग्या येत असतील तर ‘चेतेवर दाब’ असे लिहावे. रुग्ण स्वतः ‘नस’ म्हणाला, तर बोट ठेवून नेमके कोठे ते विचारावे.