वाचक विचारतात : ‘शुभ सकाळ’मध्ये बुडालेला स्कॅनर

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सहायक आहे. पद सहायकाचं, पण सॉफ्टवेअर, बारकोड, प्रिंटर, बॅकअप सगळं माझ्याच गळ्यात. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या माझ्यासारख्या चौदा जणांचा व्हॉट्सॲपवर गट केला. दोन महिन्यांत तिथे शुभ सकाळ, वाढदिवस आणि थकलेल्या पगाराशिवाय काही उरलं नाही. गेल्या आठवड्यात स्कॅनर अडला. पुस्तकावर धरला की ‘टीं’ वाजतो, पण सॉफ्टवेअर म्हणतं, असं पुस्तकच नाही. गटात लिहिलं, तर दोघांनी नुसते जोडलेले हात टाकले. असा गट असतो तरी कशासाठी? बंद करून टाकू का?

उत्तर : भाऊ, आधी स्कॅनरचं बघू. नोटपॅड उघडा आणि त्यात एक बारकोड स्कॅन करा. आकड्यांच्या आधी इंग्रजी मोठा ‘के’ यायला हवा आणि तिथे ‘ख’ उमटला, तर स्कॅनर धडधाकट आहे. संगणकाच्या लेखी स्कॅनर म्हणजे दुसरा कीबोर्डच. मराठी पुस्तकाची नोंद करताना तुम्ही भाषा मराठी केली असणार आणि ती तशीच राहिली. स्कॅनर बिचारा शिफ्ट धरून ‘के’ची कळ दाबतो, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर तिचा ‘ख’ होतो. स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात इंग्रजी निवडा. झालं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. जळगावात नोकरीला असताना माझ्याकडे हेच झालं होतं. पुरवठादाराचा माणूस आला, भेटीचे आठशे रुपये घेतले आणि स्कॅनर बदला म्हणाला. नवा आणला, तोही तसाच! शेवटी भुसावळच्या एका मॅडमना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘सर, नोटपॅडमध्ये काय उमटतं ते वाचून दाखवा.’’ मी ‘ख’ म्हटलं आणि पलीकडे त्या हसायलाच लागल्या. त्यांचेही दोन दिवस त्याच ‘ख’पायी गेले होते.

गट असतो तो या फोनसाठी. पुरवठादाराला स्कॅनर कळतो, पण आपण दिवसातून वीस वेळा मराठी-इंग्रजी करतो हे त्याच्या ध्यानातही येत नाही. ग्रंथपालांना दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद, तोंडपाठ असते, पण कीबोर्डच्या भानगडीत त्या पडत नाहीत. मधल्या खुर्चीत तुम्ही एकटे. तुमच्यासारखी खुर्ची पुन्हा थेट चोपड्यात नाहीतर अमळनेरला.

आपल्या काही अडचणी तर अशा, की कोणत्याच माहितीपुस्तिकेत सापडायच्या नाहीत. रावेरकडचे एक केळीवाले आमच्याकडे आले. त्यांना ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द नावात असलेली पुस्तकं हवी होती. कपाटात अकरा होती, संगणक चारच दाखवी. मला वाटलं, नोंदी उडाल्या. काय जयं, काही कळेना! चूक त्या ‘ऱ्या’ची निघाली. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो : खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन निराळे शब्द. आमच्याकडे आधीच्या सहायकाची एक सवय, माझी दुसरी. ‘ॲ’चंही तेच, एक अखंड अक्षर आहे आणि एक अ-वर चंद्र ठेवून केलेलं. चार ग्रंथालयांनी एकत्र बसून ‘आपण असंच टाइप करायचं’ असं ठरवलं, तरच हे सुटतं. एकट्याने नियम केला तर तो आपल्याच भिंतीवर राहतो. उद्या एकमेकांच्या नोंदी उतरवून घ्यायच्या म्हटल्या, की पुन्हा तोच गोंधळ.

तुम्ही कदाचित कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल. त्याची गोष्ट मला फार आवडते. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्याशा भागातल्या ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली २००० साल ओलांडणार नव्हती. त्यांनी १९९९मध्ये स्वतःसाठी नवी करून घेतली, २०००च्या जानेवारीत तिच्यावर काम सुरू केलं आणि मग ती सगळ्यांसाठी फुकट खुली केली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. त्यांचा सगळा मुलूख मोजला तरी माणसं तुमच्या एका शिरपूर तालुक्याहून कमी भरतील.

आता तुमचा गट. पगाराचं दुखणं खरं आहे, मीही ते सोसलंय. पण त्याला आणि वाढदिवसांना दुसरा गट काढा. इथे अडचण लिहिताना ‘स्कॅनर चालत नाही’ एवढ्यावर थांबू नका. त्यावर मीसुद्धा हातच जोडले असते. कोणतं सॉफ्टवेअर, त्याची कितवी आवृत्ती, बिघडण्याआधी काय बदललं आणि स्क्रीनवर नेमके काय शब्द आले, ते लिहा. स्क्रीनचा फोटो टाका. मात्र त्यातली विद्यार्थ्यांची नावं, फोन नंबर झाका. कोणी कुठलं पुस्तक नेलं, हे चौदा फोनांत फिरायचं कारण नाही. पुरवठादारांना घ्यायचं की नाही, यावर तुमच्यात वाद होईल. मी घेईन, आणि पहिल्या जाहिरातीला काढेन.

एक गोष्ट आमच्या हातून फार उशिरा झाली. अडचण सुटली की माणूस गप्प व्हायचा, आणि सहा महिन्यांनी दुसरा तोच प्रश्न विचारायचा. मग आम्ही शंभर पानी वही घातली : तारीख, अडचण, कशाने सुटली, कोणी सांगितलं. दाखल नोंदवहीची सवय आपल्या हाताला असतेच. मी निवृत्त झालो तेव्हा तिची बासष्ट पानं भरली होती.

तेव्हा गट बंद करू नका. आज संध्याकाळी तिथेच लिहा, ‘स्कॅनर चालू झाला, कीबोर्ड मराठीवर राहिला होता.’ आणि ज्या दोघांनी हात जोडले, त्यांच्याकडेही ‘ख’ उमटतोय का, तेवढं विचारून घ्या.