'साखर संपली' स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं?

खानापूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: 'वी हॅव रन आऊट ऑफ शुगर' याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? तिने शब्दाला शब्द लावून 'कोर्रिमोस फुएरा दे आसूकार' असं केलंय. ते चालणार नाही. 'कोर्रेर' म्हणजे पळणं, त्यामुळे ऐकणाऱ्याला साखरेबाहेर पळत सुटलेली माणसं दिसतील.

इंग्रजी बाजूला ठेव आणि घरात काय म्हणतो ते बघ. 'आमची साखर संपली.' शेजारच्या कन्नड काकू म्हणतात, 'सक्करी खाली आतु.' दोन्हीकडे कर्ता साखर आहे, माणूस नाही. स्पॅनिशची रीतही हीच: 'से नोस आकाबो एल आसूकार'. 'से आकाबो' म्हणजे संपली, आणि मधला 'नोस' म्हणजे आम्हाला. आपण 'आमची' म्हणतो तिथे स्पॅनिश 'आम्हाला' म्हणते. एकट्याचं काही संपलं तर 'नोस'च्या जागी 'मे': 'से मे आकाबो ला पासिएन्सिया', माझा धीर संपला. 'नोस' गाळलं तरी वाक्य बरोबरच राहतं, पण संपल्याची झळ कुणाला लागली ते त्यातून जातं. मला या रचनेतला सगळ्यात सुंदर शब्द तोच वाटतो, म्हणून तो गाळू नकोस.

क्रियापद संपलेल्या वस्तूमागे जातं. लिंबं संपली तर 'से नोस आकाबारोन लोस लिमोनेस'. संपला, संपली, संपलं असा लिंगभेद तिथे नाही, फक्त वचन सांभाळायचं.

आणि हा 'आसूकार' (स्पेनच्या बऱ्याच भागात 'आथूकार') परका समजू नकोस. संस्कृत 'शर्करा' फारसीतून अरबीत जाऊन 'सुक्कर' झाली, अरबी उपपद 'अल्' घेऊन स्पेनमध्ये उतरली. आपली साखर आणि कन्नड सक्करे त्याच शर्करेच्या लेकी. संकेश्वर-गोकाकच्या ऊसपट्ट्यातल्या मुलांना हे शाळेतच सांगायला हवं.

दुसरी रचनाही शिकून ठेव: 'नोस केदामोस सिन आसूकार'. 'केदार्से' म्हणजे राहणं, 'सिन' म्हणजे शिवाय, '-वाचून'. आम्ही साखरेवाचून राहिलो. इथे कर्ता माणूस होतो आणि भर त्याच्या खोळंब्यावर येतो. स्वयंपाकघरात डबा उघडून बघितलास तर पहिली रचना सहज येते. गोव्याला जाताना चोर्ला घाटात पेट्रोल संपून गाडी थांबली, तर मी दुसरी वापरेन: 'नोस केदामोस सिन गासोलिना'.